बंधारा भरलेला आणि विहिरी कोरड्या: माणदेशातल्या एका ओढ्याचं प्रकरण

पाऊसकाळ संपत आला की आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एक फोटो येतो. बंधारा काठोकाठ भरलेला, भिंतीवरनं पाण्याचा पातळ पडदा पडतोय, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग फेब्रुवारी-मार्चला त्याच ग्रुपवर टँकर कधी येणार याची चौकशी सुरू. मधल्या काळात ते पाणी गेलं कुठं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर तयार असतं, "मुरलं की". तर ते मुरलंच नव्हतं. जिथं खरं मुरत होतं तिकडं फोटो काढायला कुणी जात नव्हतं, एवढंच हे प्रकरण आहे, पण ते कळायला मंडळाला बरीच भांडणं करावी लागली.

गाव माण तालुक्यातलं. नाव टाकत नाही कारण वाद अजून पुरता मिटलेला नाही. निम्मं गाव मुंबईत आहे, मस्जिद बंदरला आणि वाशी मार्केटला माथाडी, काही टॅक्सीवाले, आणि आमच्यासारखी दुसरी पिढी जी काळाचौकी सोडून आता बदलापूर-विरारला राहते पण मीटिंगला काळाचौकीलाच येते. मंडळानं ओढ्याच्या कामासाठी पैसे जमवले होते. मला बोलावलं कारण मी जिऑलॉजी शिकलोय आणि इमारतीचं पायलिंग सुरू व्हायच्या आधी बोअर मारून खाली माती आहे की खडक हे बघायचं काम करतो. वडाळा-शीव भागात खाली ब्रेशिया लागतो, अंधेरीकडं बेसॉल्ट, आणि सगळीकडंच खड्ड्यात पाणी भरतं म्हणून पंप लावून ते उपसून समुद्राच्या दिशेनं सोडायचं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळं पाणी जमिनीत घालायचंय म्हटल्यावर आधी मलाच हसू आलं.

आमच्याकडं वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर. मुंबईकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे आमच्या गावाचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस. आणि आमचा पाऊस रोज थोडा थोडा पडत नाही, वळवाचा एखादा दणका आणि मग थेट परतीचा, मधे नुसतं आभाळ. ओढा वर्षातनं मोजके दिवस, कधी कधी मोजके तासच वाहतो, बाकी वर्षभर त्यातनं मोटरसायकली जातात.

एकाच ओढ्याच्या दोन जागा

गावाच्या वरच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा छोटा बंधारा आहे. तिथनं खाली साधारण दोन किलोमीटर ओढा पसरट होत जातो, एक मोठं वळण घेतो, आणि ह्या पट्ट्यात तळाला भरड वाळू आहे. त्याच्या पुढं खालच्या गावाची हद्द. बंधाऱ्यात पाणी दिवाळीपर्यंत दिसतं. वळणावर मात्र पूर येऊन गेला की दोन दिवसांत सगळं सामसूम, नुसती ओली वाळू, आणि म्हणून गावात त्या पट्ट्याला सरळ "गळका ओढा" म्हणतात.

आता गंमत बघा. बंधाऱ्याला लागून असलेल्या विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात आणि गळक्या ओढ्याच्या काठच्या विहिरी मार्चपर्यंत कशाबशा का होईना टिकतात. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळ्यांचं मत असं की बंधारा चांगला आणि वळण खराब, कारण एकीकडं पाणी दिसतं आणि दुसरीकडं नाही.

मीटिंगला तात्यांचं म्हणणं पडलं की पोकलेन लावू, ओढा पाषाण लागेपर्यंत खोल आणि रुंद करू, निघालेली वाळू विकू, निम्मा खर्च तिथंच सुटतो. तात्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्यापुढं बोलायची पद्धत नाही. नानांचं म्हणणं त्याहून वेगळं, वळणावरच एक मोठा सिमेंटचा बंधारा घालू म्हणजे गळती कायमची बंद. गावाहून आबा आले होते, परळला रात्रीच्या एसटीनं पहाटे उतरून सरळ मीटिंगला, ते शेवटपर्यंत गप्प होते आणि उठताना एवढंच म्हणाले, "आदी बगा तरी खाली काय हाय, मग पैसं घाला."

तात्यांनी शिरपूरचा दाखला दिला. शिरपूर म्हणजे धुळे जिल्ह्यातलं काम, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करायची जी पद्धत राबवली तीच. ते काम मी नावं ठेवायला घेतलेलं नाही. पण तापीच्या खोऱ्यात वर चिकणमातीचे जाड थर असतात, पाणी त्यांच्यातनं खाली जात नाही, म्हणून ते थर कापून पाणी खालपर्यंत न्यायचं हा त्यातला महत्त्वाचा विचार आहे. आमच्या वळणावर कापायला मातीच नव्हती. वर वाळू, म्हणजे जी गोष्ट मिळवायला तिकडं खोदलं तीच इकडं फुकट मिळालेली, आणि आम्ही ती विकायला निघालेलो.

कोरड्या ओढ्यात पाणी मुरतं म्हणजे नक्की काय होतं

इथं थोडं सविस्तर लिहितो कारण सगळी भांडणं ह्याच मुद्द्यावर होती. कोरड्या मुलखात पावसाचं पाणी शेतात जिथं पडतं तिथनं खोल जाणं फार कमी, वरची हात-दोन हात माती ओली होते आणि ऊन, पिकं, गवत ते पाणी परत वर ओढून घेतात. खाली भूजलापर्यंत जे पोचतं त्यातला मोठा वाटा ओढ्या-नाल्यांच्या तळातनं जातो, कारण तिथं आजूबाजूच्या सगळ्या शिवाराचं पाणी एका अरुंद पट्टीत जमा होतं आणि खाली वाळू-गोटे असतात. म्हणून कोरड्या भागातल्या नद्या उलट्या वागतात. कोकणातली नदी खाली येईल तशी मोठी होते, इथला पूर खाली येईल तसा बारीक होत होत मधेच संपतो. अमेरिकेत ॲरिझोनात टूमस्टोन गावाजवळ वॉलनट गल्च नावाचं साधारण १५० चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे, तिथं १९५० च्या दशकापासून हे मोजमाप चालू आहे आणि वरच्या अंगाला आलेला पूर तोंडापर्यंत पोचतच नाही हे तिथं नेहमीचं दृश्य. त्याच ठिकाणी १९९९ आणि २००० च्या चांगल्या पावसाळ्यात ओढ्यातनं भरपूर पुनर्भरण, म्हणजे भूजलात पाण्याची भर, झालेलं दिसलं, आणि २००१ आणि २००२ च्या कोरड्या पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. म्हणजे दरवर्षी थोडं थोडं असा हा मामलाच नसतो, चांगलं वर्ष सगळं देऊन जातं.

दुसरी गोष्ट नामिबियाची. कुइसेब नदी वाळवंटातनं जाते, वाल्व्हिस बे शहराला तिच्या वाळूतल्या भूजलाचं पाणी मिळतं. तिथं संशोधकांनी नदीच्या तळाखाली मोजयंत्रं पुरून पुराचं पाणी खाली जाताना मोजलं आणि दर निघाला तासाला साधारण एक सेंटीमीटर. पूर फूटभर उंच असो की पुरुषभर, दर फारसा बदलत नव्हता. म्हणजे लोंढा किती मोठा याला मुरण्याच्या हिशोबात तेवढी किंमत नाही, पाणी वाळूवर किती तास राहिलं आणि किती रुंदीवर पसरलं याला आहे.

आमच्या वळणाला तोच दर लावून बघा, नुसता अंदाज म्हणून. दोन किलोमीटर लांब, वीस मीटर रुंद, म्हणजे ४०,००० चौरस मीटर तळ. तासाला एक सेंटीमीटर म्हणजे तासाला ४०० घनमीटर, चार लाख लिटर, दहा हजारी टँकर धरला तर तासाला चाळीस टँकर. हा आकडा मीटिंगमधे सांगितला तेव्हा टँकरच्या धंद्यातला एक पोरगा मागं बसला होता, त्यानं मोबाईलवर गुणाकार करून बघितला आणि परत केला.

अर्थात हे सगळं खाली पोचत नाही. पहिला पूर कोरड्या वाळूची तहान भागवण्यातच जातो, वाळूचे कण आधी स्वतः भिजतात आणि तेवढं पाणी धरून ठेवतात, उरलेलं खाली. काठाची वेडी बाभूळ आपला हिस्सा घेतेच. आणि खाली जागा पण पाहिजे. आमच्याकडं वाळूखाली गोटे, गोट्यांखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. एक घनमीटर भरड वाळू भरली की तिच्यातनं दोनशे-अडीचशे लिटर पाणी परत मिळतं, मुरमातनं वीस-तीस लिटर, आणि घट्ट पाषाणातनं भेगा सोडल्या तर काही नाही. म्हणजे पाषाण लागेपर्यंत खोदायचं तर सगळ्यात जास्त पाणी धरणारी वस्तू काढून जिच्यात पाणी मावतच नाही ती उघडी करायची. ब्रासच्या भाषेत सांगितल्यावर तात्यांना लगेच कळलं, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास वाळू विकली की साडेपाचशे लिटरची जागा विकली, आणि ती जागा चांगल्या वर्षी फुकट भरून मिळते.

शिवाय वाळूतलं पाणी उन्हाला सापडत नाही. पाणी पृष्ठभागापासून दोन फूट खाली गेलं की भरड वाळूतनं होणारं बाष्पीभवन उघड्या पाण्याच्या मानानं अगदीच किरकोळ उरतं. केनियात कितुई भागात लोक मुद्दाम ओढ्यात बुटकी भिंत घालून तिच्यामागं वाळू साठवतात, पाण्यासाठी वाळू साठवतात, आणि इथं आम्ही... असो.

गाळ

मग बंधाऱ्यात का मुरत नव्हतं. मे महिन्यात आम्ही काही जण गावी गेलो. माझ्याकडं ऑफिसची यंत्रं नव्हती, ती मागणार पण कशी, म्हणून डिझेलचा जुना बॅरल दोन्ही बाजूंनी कापून त्याची रिंग केली, जमिनीत वीतभर ठोकली, पाणी भरलं आणि आतल्या बाजूला स्टीलची पट्टी लावून दर थोड्या वेळानं वाचायची. ही टेस्ट कोणीही करू शकतं, फक्त रिंगच्या बाहेर पण गोल आळं करून पाणी भरत राहायचं, नाहीतर आतलं पाणी आडवं पळतं आणि आकडा फुगतो.

बंधाऱ्याच्या पोटात कमरेएवढा गाळ साचला होता, वरनं वाळून भेगा पडलेला. भेगांमुळं सुरवातीला पाणी भसाभस गेलं आणि नाना खूश झाले, पण चिखल फुगला, भेगा मिटल्या आणि त्यानंतर जेवण करून आलो तरी पट्टीवर पाणी हललेलं दिसेना. मग तिथंच गाळ काढून खालच्या मुरमावर रिंग ठोकली, तिथं पाणी डोळ्यादेखत उतरत होतं. वळणावरच्या वाळूत तर रिंग भरायलाच दोन माणसं लागली. म्हणजे बंधाऱ्याची जागा मुळात वाईट नव्हती, बुजवली आम्हीच. दिवाळीपर्यंत जे पाणी फोटोत दिसत होतं ते दिसत होतं कारण त्याला खाली जायला वाटच नव्हती, ते उन्हानं आणि काठावरच्या डिझेल इंजिनांनी संपवलेलं पाणी.

गाळ साचला तो बरग्यांमुळं, म्हणजे बंधाऱ्याच्या खाचांत एकावर एक बसवायच्या फळ्यांमुळं. कोल्हापूर बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढायचे असतात, म्हणजे गढूळ पूर निघून जातो, आणि पाऊस संपताना घालायचे. आमच्याकडं ते बारा महिने घातलेलेच, काही गंजून खाचेत चिकटलेले. कारण आळस नाही, भीती आहे. आमच्याकडं वर्षात एकच पूर आला तर? तो सोडून दिला आणि नंतर आभाळच फाटलं नाही तर गाव तुम्हाला जगू देईल का? हा प्रश्न खरा आहे, पुण्या-मुंबईच्या माणसानं त्याला हसू नये.

पण गढूळ पाणी अडवलं की त्यातला बारीक कण तळाला बसतो आणि तळ बंद होतो. मोकळ्या ओढ्यात पण पूर ओसरताना गाळाचा पातळ पापुद्रा बसतोच, फक्त पुढचा जोरदार पूर तो खरवडून नेतो. भिंतीच्या मागं पाण्याला खरवडण्याइतका जोर उरत नाही. नानांचा नवा बंधारा वळणावर झाला असता तर काही वर्षांत तिथं हेच झालं असतं आणि गावाला बंधाऱ्याचे दोन फोटो मिळाले असते.

शेवटी केलं काय

मस्कतजवळ अल खौद इथं १९८५ मधे एक धरण बांधलंय, फक्त पुनर्भरणासाठी. पूर आला की तिथं थोडा थांबतो, गाळ धरणात बसतो, आणि निवळलेलं पाणी हळूहळू खालच्या कोरड्या पात्रात सोडतात, मुरतं ते तिथं. मला ही कल्पना आमच्यासारखीच वाटली, वर बंधारा आहे आणि खाली दोन किलोमीटर वाळू आहे, बांधायचं काहीच नाही, फक्त वापरायची पद्धत बदलायची.

हे मांडल्यावर जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. "आपलं पाणी आपणच सोडायचं व्हय?" आबांचे चुलतभाऊ उभेच राहिले. बंधाऱ्याजवळ ज्यांची इंजिनं आहेत ते अर्थातच विरोधात, वळणाकाठचे बाजूनं, आणि मुंबईतल्यांचं मत ज्याची जमीन जिकडं तिकडं. सरपंच वहिनी फोनवर होत्या, स्पीकरवर टाकलेल्या, त्यांनी विचारलं ते सगळ्यात मुद्द्याचं, वळणावर जास्त मुरवलं तर खालच्या गावाला कमी जाईल, त्यांचं काय? ह्याला माझ्याकडं पळवाट नव्हती. जाईलच कमी. वरच्या गावाचं पुनर्भरण म्हणजे खालच्या गावाच्या पुराची घट, ते पाणी नवीन तयार होत नाही. फक्त बंधाऱ्यातलं जे उन्हात जात होतं तेवढं वाचवलं तर ते कुणाचं हिसकावलेलं नाही, म्हणून काम तेवढ्यापुरतंच ठेवायचं असं ठरलं आणि वळणावर काहीही बांधायचं नाही.

मग तडजोड झाली. बंधाऱ्यातला गाळ काढून ज्याला पाहिजे त्यानं शेतात न्यायचा, मुरूम उघडा होईपर्यंत, पण मुरमाला हात लावायचा नाही. वरचे बरगे गणपती बसेपर्यंत काढून ठेवायचे, खालचे थोडे राहू द्यायचे, म्हणजे एकच पूर आला तरी अगदी हात हलवत बसायला नको. गणपतीनंतर सगळे बरगे घालायचे, आणि पाणी निवळलं की वरनं एकेक बरगा काढून वळणाकडं बारीक धार सोडायची. वरनंच, कारण तळाच्या पाण्यात गाळ असतो. वर डोंगराकडच्या घळीत दगडाचे सुटे बांध, तिथंच माती धरायला. वाळूउपसा बंद, आणि तात्यांनी हे स्वतः जाहीर केलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे कारण ट्रॅक्टर त्यांच्या पुतण्याचा आहे.

त्या वर्षी आषाढात एक लोंढा आला आणि गढूळ पाणी बऱ्यापैकी निघून गेलं. गणपतीनंतर दोन-तीन दिवस चांगला पडला, बंधारा भरला, निवळला, धार सोडली. धार वळणाच्या मध्यापर्यंत पोचायची आणि वाळूत नाहीशी व्हायची, खालच्या गावच्या हद्दीपर्यंत एकदाही गेली नाही. वळणाच्या विहिरी आठवड्याभरात चढल्या. बंधाऱ्याजवळच्या पण थोड्या चढल्या, आणि बंधारा मात्र दसऱ्यालाच अर्धा झाला, तर ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकून लिहिलं "बंधारा फुटला काय?"

हे सगळं आमच्या शहाणपणामुळं झालं असं मी म्हणणार नाही. ओढ्यापासून लांब, शाळेमागच्या माळावर एक विहीर आहे, तिला ओढ्याचा काही संबंध पोचत नाही, आणि ती सुद्धा त्या वर्षी चढली, कारण पाऊसच बरा होता. म्हणून वळणाच्या विहिरीची चढ वजा माळाच्या विहिरीची चढ, तेवढंच ओढ्याच्या नावावर धरायचं, आणि त्यातलं बरगे-गाळाच्या कामामुळं किती ते एका वर्षात कळतच नाही. वॉलनट गल्चचे कोरडे पावसाळे आठवा. आमच्याकडं तसं वर्ष येईल तेव्हा खरी परीक्षा.

आणि विहिरी चढल्या तर लगेच काय झालं, वळणाच्या काठाला डाळिंबाच्या नव्या बागा आणि त्यांच्यासाठी नवे बोअर, त्यातले काही दोनशे फुटांच्या पुढं. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीला घ्यायला बंदी आहे, पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते. मुरमातलं पाणी म्हणजे घनमीटरमागं वीस-तीस लिटर, ते उपसायला फार दिवस लागत नाहीत. त्या वर्षी विहिरी मार्चऐवजी एप्रिलपर्यंत गेल्या, बोअर नसते तर किती गेल्या असत्या ह्यावर ग्रुपवर अजून चालू आहे.

मंडळाकडं पैसे उरलेत. तात्यांना प्रवेशद्वाराची कमान बांधायचीय. माझी मागणी साधी होती, विहिरी मोजायला टेप आणि एक रजिस्टर, महिन्यातनं एकदा वळणाची, बंधाऱ्याची आणि माळाची अशा तीनच विहिरी, शाळेतली पोरं करतील. रजिस्टर सुरू झालंय. वळणाच्या काठाला नवीन बोअर घ्यायचा नाही असा कागद पण केला, त्यावर बहुतेकांच्या सह्या झाल्या, दोन घरांनी केल्या नाहीत, त्यातलं एक आमच्या सख्ख्या काकांचं.